कौसाबाईंच्या हाताचं सर्टिफिकेट

आभाळातून पडलेला दगड मी या दोन हातांनी उचलला आहे, तोही पडल्यापासून वीस मिनिटांच्या आत. असं छातीठोक सांगू शकणारा मी एकटाच नाही. त्या दिवशी माझ्या मेहुण्यानं, त्याच्या दोन शेजाऱ्यांनी आणि वाटेनं चाललेल्या एका खतवाल्या पाहुण्यानंही तो उचलला. पण उचलल्याचं अजून वाईट वाटतं असा मात्र मी एकटाच. का वाटतं ते सांगायचं तर आधी माझा धंदा सांगावा लागेल. संपादकांनी नोकरीतले अनुभव मागितले आहेत आणि ही गोष्ट निवृत्तीनंतरची आहे. तरी मी ती नोकरीतलीच धरतो, कारण पस्तीस वर्षं जे शिकलो ते सगळं त्या एका आठवड्यात वापरलं आणि जे शिकवलं ते एका मिनिटात विसरलो.

मी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत, रसायनांच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. शिक्षण आयटीआय. तरी दौंडात मला ‘डिग्रीमामा’ म्हणतात, ते डिग्री मोजत फिरतो म्हणून. मोठमोठ्या टाक्यांत रसायनं शिजत असतात. आत किती डिग्री तापमान आहे ते एक सळई सांगते, आणि सळई खरं सांगते की खोटं ते मी सांगायचो. घरातलं घड्याळ पुढं गेलंय का हे आपण दुसऱ्या भरवशाच्या घड्याळाशी ताडून बघतो, तसंच हे. याला कॅलिब्रेशन म्हणतात. काम झालं की सर्टिफिकेट द्यायचं, त्यावर एक वर्षाची मुदत. वर्षानं पुन्हा तपासणी, कारण यंत्रही माणसासारखंच हळूहळू बहकतं आणि त्याला स्वतःला ते कळत नाही.

भरवशाचं घड्याळ म्हणाल तर ते आमच्याकडे बर्फाचं पाणी. स्वच्छ बर्फ बारीक ठेचायचा, स्वच्छ पाण्यात कालवायचा, जरा वेळ थांबायचं. ते पाणी शून्य डिग्री. मंत्री आला तरी शून्य, संप झाला तरी शून्य. त्यात सळई बुडवायची आणि शून्य दाखवते का बघायचं. जगात इतकी फुकट आणि इतकी खरी दुसरी वस्तू मी पाहिली नाही. बायको म्हणते की लग्नात तिच्याकडे बघताना माझ्या तोंडावर जे कौतुक दिसलं नाही ते बर्फ कालवताना दिसतं.

आता नियम. आमच्या फॉर्मवर दोन रकाने असतात. पहिला, ‘जसं सापडलं’. दुसरा, ‘जसं सोडलं’. यंत्राला हात लावण्याआधी, पुसण्याआधी, ते आता जे काही दाखवतंय ते पहिल्या रकान्यात लिहायचं, मग दुरुस्त करायचं. पहिला रकाना रिकामा राहिला तर गेलं ते गेलंच. एकदा आमच्या शिंदे ऑपरेटरनं, मी येण्याआधी मला मदत म्हणून, सळई बाहेर काढली, फडक्यानं चकचकीत पुसली आणि परत बसवली. मी तपासली तर एकदम बरोबर. पण पुसण्याआधी ती किती चुकत होती, कधीपासून चुकत होती, हे आता देवालाही सांगता येईना. मागच्या तीन दिवसांचा माल चांगला की वाईट हे ठरवायचं कशावर? शिंद्याला मी इतका झापला की पुढे तो घरचं दारही वाजवण्याआधी त्याची अवस्था बघून घ्यायचा. दर वर्षी नवी पोरं भरती झाली की मी पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहायचो: आधी आकडा, मग हात.

हातावरून आठवलं. दौंडकडचे एक गुऱ्हाळवाले माझ्याकडे आले होते. उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात आणि नेमक्या क्षणी काहील उतरवतात. जरा आधी काढली तर गूळ बसत नाही, जरा उशीर झाला तर करपतो. तो क्षण सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. मालकाला गुळव्याचे नखरे नको झाले होते, म्हणून त्याला मीटर हवा होता. मी बसवला. गुळव्या लक्ष्मणआबा सत्तरीचे, त्यांनी माझ्या मीटरकडं ढुंकून पाहिलं नाही. पाण्यात बोटं बुडवली, उकळत्या पाकाची चिमूट घेतली, परत पाण्यात नेऊन गोळी वळली आणि म्हणाले, “काढा.” मीटरवर एकशे अठरा. दुसरी काहील, “काढा,” एकशे अठरा. दिवसभरात एकदा एकशे सतरा झालं, तर आबा स्वतःच कुरकुरले, “ह्ये जरा घाई झाली.” संध्याकाळी मालक म्हणाला, “मामा, मीटर न्या. आबा राहू द्यात.” मी घरी येताना स्कूटरवर एकटाच हसत होतो. कुठल्याही यंत्राकडून आम्ही एवढंच मागतो, की तीच गोष्ट पुन्हा दाखवली की त्यानं तेच सांगावं. आबांचा हात तेच करत होता.

हे लक्षात ठेवा, आता दगडाकडं येतो.

माझी सासुरवाडी शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. मेहुणा रमेश गावचा पोलीस पाटील आहे. एप्रिलच्या शेवटी गावात एक लग्न होतं, त्याच्या तयारीला आम्ही आठ दिवस आधीच जाऊन बसलो होतो. दुपारचे दोन वाजले असतील. पानावर आमरस वाढलेला. एवढ्यात आभाळात धाडधाड असे तीन-चार बार झाले. गावात विमानांच्या आवाजाची सवय आहे, सुरुंगाचीही आहे, म्हणून कुणी उठलं नाही. मग सोपानरावांच्या गोठ्याकडून पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सोपानरावांचा. दुसरा आवाज मोठा होता.

सोपानराव आणि दत्तू हे दोघं सख्खे भाऊ, शेजारी शेजारी राहणारे. सोपानराव थोरले, त्यांना मूलबाळ नाही. दत्तू धाकटा, शिक्रापूरकडं एका ओतकाम कारखान्यात कामाला. त्याची मुलगी पल्लवी. लग्न तिचंच. ही पोर वाढली ती चुलतीच्या, म्हणजे सोपानरावांच्या बायकोच्या, कौसाबाईंच्या मांडीवर. आणि आदल्याच दिवशी दोघा भावांचं भांडण झालेलं. गोठ्याच्या पत्र्याचं पावसाळ्यात पाणी दत्तूच्या वाफ्यात पडतं, हा जुना विषय. त्यात दत्तू निम्म्या गावासमोर म्हणाला होता, “दादा, ह्या पत्र्याला येक दिवस भोकच पाडतो बघ.”

आणि आज भोक पडलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा सोपानराव गोठ्याच्या दारात उभे. गाभण गाय भेदरून दावं ओढत होती, दगड तिच्या वितभर अंतरावरून कडब्यात शिरला होता. दत्तू पलीकडं बांधावर ठिबकची नळी हातात धरून उभा, तोंडाचा आ वासलेला. त्या उन्हात शिवारात दुसरं कुणी नव्हतं. कौसाबाईंनी कडब्यातून दगड काढून गव्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला होता. वरवंट्याच्या निम्मा, काळाभोर, वर करपलेल्या भाकरीसारखा पातळ पापुद्रा, एका कोपऱ्यात टवका उडून आत राखाडी.

मी तो पाहिला आणि मला कळलं. असल्या दगडांबद्दल मी वाचलेलं होतं, चित्रं पाहिली होती. माझी पिशवी, जिच्यात तापमान मोजायचं यंत्र, सळई, सगळं असतं, ती माझ्या खांद्याला होती. ती मी लग्नालाही नेतो. आणि मी काय केलं? झेप घेतली. दगड दोन्ही हातांत धरला, छातीशी लावला, वास घेतला, त्याच्याशी काहीतरी बोललोसुद्धा असं रमेश म्हणतो. मग रमेशच्या हातात दिला, त्यानं शेजाऱ्याच्या दिला, असा तो आरतीचं ताट फिरावं तसा फिरला. सगळ्यांचं बघून झाल्यावर मला यंत्र आठवलं. लावलं. तेहतीस डिग्री. म्हणजे आमच्याच हातांची ऊब. पहिला रकाना रिकामा.

शिंदे, तू हे वाचत असशील तर माफ कर.

सोपानराव म्हणाले, “दाजी, हा आभाळातला न्हाई. आभाळातला दगुड जळत येतो. मी स्वतः बघितल्यात, रातच्याला पडताना. जळता दगुड कडब्यात पडला आन् कडबा पेटला न्हाई? काडीबी काळी झाली न्हाई? हा दत्त्यानं मारलाय. काल बोलला, आज केलं. माझी गाय मेली असती.”

मी चुंबक लावला, दगड चिकटला. तर ते म्हणाले, “चिकटंल की. त्याच्या कारखान्यात लोखंडाची मळी ढिगानं पडती. डब्याच्या पिशवीतनं आणली आसंल.” मी दगड पुण्याच्या सरकारी खात्याकडं पाठवू म्हणालो. त्यांनी विचारलं, “कवा कळंल?” मी म्हणालो, दोन-तीन महिने. ते रमेशकडं वळले. “पाटील, दोन दिस देतो. दत्त्यानं कबूल व्हावं, न्हाईतर मी शिरूरला जाऊन तक्रार देतो. आन् मांडवात माझ्या घरचं कुणीबी येणार न्हाई.”

माझ्या घरचं कुणीही, म्हणजे कौसाबाई. त्या कट्ट्याला टेकून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, “अवो, पर दगुड गार व्हता. मी काडला तवा माठातल्यावानी गार.”

“गप बस,” सोपानराव म्हणाले. “पुतणीसाठी बोलतीयास.”

त्या मागं सरल्या. पण त्यांनी पदरात हात पुसला नाही. उजवा तळहात तसाच उघडा धरून त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मला लक्ष्मणआबा आठवले आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

एक साधी गोष्ट बघा. एप्रिलमधली दोनची वेळ. बांधावरचा दगड पायाला चटका देतो. सावलीतली हवा चाळीस, पिशवीतली मळीही चाळीसच. त्या शिवारात त्या घटकेला फ्रिज आणि माठ सोडून गार म्हणावं असं काहीही नव्हतं. मग गार दगड आला कुठून? लोक समजतात की आभाळातला दगड निखारा असतो. तो वरच्या पोकळीत कोट्यवधी वर्षं फिरलेला असतो. हवेत शिरताना पेटतो तो काही सेकंद. जे वितळतं ते तिथंच सोलून उडून जातं, उष्णता आत पोचायला वेळच मिळत नाही. मग उरलेला दगड विझतो आणि वरच्या कडाक्याच्या थंडीतून काही मिनिटं नुसता खाली पडत राहतो. जमिनीवर येतो तेव्हा तो कोमट असेल किंवा गार. हे मी कौसाबाईंना सांगितलं, तर त्या लगेच म्हणाल्या, “म्हंजी जाळ मोठा आन् भाकर आत कच्ची.” मी पुस्तकांची पानंच्या पानं वाचून जे समजून घेतलं होतं ते त्यांनी सात शब्दांत संपवलं.

म्हणजे दत्तूची सुटका करणारा पुरावा एकच, दगडाचा गारपणा. तो आता गेलेला. तो मोजलेलं एकच यंत्र शिल्लक, कौसाबाईंचा उजवा हात. यंत्र खरं सांगतं का हे तपासणं तर माझा धंदाच. मी रमेशला म्हणालो, “मला दोन दिवसांपैकी एक दे. मी वहिनींचा हात कॅलिब्रेट करतो.” रमेशनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गावाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं आणि गाव खुळं झालं. मी नदीतून एका आकाराचे सात काळे गोटे आणले. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यांत एकेक बांधला, वर नंबर टाकला. पिशवी अशासाठी की पाण्यात ठेवूनही दगड कोरडा राहावा; ओला दगड उगाच जास्त गार लागतो. हायवेवरच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणली. लग्नाची घागरी-पातेली होतीच. सात पातेली: पाच डिग्री, बारा, अठरा, पंचवीस, बत्तीस, चाळीस, आणि सातवं पातेलं नुसतं उन्हात, बांधावरच्या दगडाइतकं. सळई आधी बर्फाच्या पाण्यात तपासली. शून्य. गरम पाणी ओत, बर्फ टाक, ढवळ, मोज, असा तासभर माझा नाच चालला होता. मांडवाचे बांबू घेऊन आलेला माणूस बांबू टाकून बघत बसला. पल्लवी हळदीचा नारळ हातात धरून उभी होती आणि घटकाघटकाला डोळे पुसत होती. दत्तू लांब, बांधावर. त्याला जवळ यायला थोरल्यानं मनाई केलेली.

सोपानरावांनी मला वाटलंच होतं ती हरकत घेतली. “दाजी, हिचा हात काय ऐकता? ही तव्यावरली भाकर हातानं उलटती. ह्या हाताला गार-गरम काय कळतंय?”

“तेच तर बघायचंय,” मी म्हणालो. “आणि तुम्हीच बघायचं. कालच्या दगडाएवढा गार कोणता ते वहिनी सांगतील. दगड तुम्ही लावायचे, तुमच्या मनाच्या क्रमानं. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहणार.”

हे मी मोठेपणा म्हणून केलं नाही. तपासणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर तो नकळत मान हलवतो. भावाला खोटं पाडू बघणारा माणूसच दगड मांडायला बसला तर निकालावर कुणी बोट ठेवू शकत नाही. सोपानराव मांडी घालून बसले. कौसाबाईंच्या डोळ्यांवर पल्लवीची ओढणी बांधली. मी भिंतीकडं तोंड केलं. भिंतीवर चुन्यानं शुभविवाह लिहिलं होतं, ते मी शंभर वेळा वाचलं.

सोपानराव पिशवीतून एकेक दगड काढून त्यांच्या तळहातावर ठेवायचे. “ह्यो?” “न्हाई.” “ह्यो?” “बया, पोळला. न्हाई.” “ह्यो?” “न्हाई, ह्यो लई गार.” “ह्यो?” जरा थांबून, “व्हय. ह्यो.”

रमेशनं पिशवीवरचा नंबर वाचला. बारा डिग्रीचा.

लोकांत कुजबुज झाली. सोपानराव म्हणाले, “दैवानं जमलं.” मी भिंतीला सांगितलं, “बरोबर आहे. एकदा जमलं तर दैव. पुन्हा घ्या.” दगड परत पातेल्यांत ठेवले, अर्धा तास थांबलो, पुन्हा घेतलं. पुन्हा तोच. आता कुजबुज राहिली नाही, सरळ शिट्ट्याच. कुणीतरी पैज लावायला निघालं, रमेशनं पोलीस पाटलाच्या आवाजात त्याला बसवलं.

“तिसऱ्यांदा,” मी म्हणालो. आमच्या धंद्यात तीन वेळा.

तिसऱ्या खेपेला वेळ जास्त लागला. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. “न्हाई.” “न्हाई.” “न्हाई.” मी शुभविवाह परत वाचलं. “न्हाई.” “न्हाई.” “न्हाई.” एवढ्यात सोपानरावांचा आवाज, विजयी. “झालं. संपलं दगुड. कळंना न्हवं हिला?”

कौसाबाई शांतपणे म्हणाल्या, “ह्यात त्यो न्हाईच. सहाच दगुड झालं. सातवा तुम्ही काडून ठिवलाय.” थोडं थांबून म्हणाल्या, “आन् खिशात ठिवला आसंल तर भायेर काडा, गरम व्हाया लागला आसंल.”

मी वळलो. नियम मोडून वळलो. सोपानराव मांडीवर हात ठेवून बसले होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या खालच्या खिशाला ओलसर डाग पडत चालला होता. त्यांनी खिशात हात घातला आणि दगड काढला. पिशवी गळत होती. बारा डिग्रीचा. मग जे हसू फुटलं त्यात मांडवाचे बांबू घरंगळले, गाय हंबरली, पल्लवीच्या हातातला नारळ पडला आणि फुटला. एक म्हातारी म्हणाली शकुन झाला. मी हसता हसता भिंतीला टेकलो तर पाठीवर चुना उमटला, शुभविवाहचा उलटा.

एकटे सोपानराव हसत नव्हते. त्यांनी तो दगड स्वतःच्या तळहातावर धरला होता. बराच वेळ धरला. मग वर पत्र्यातल्या भोकाकडं बघितलं. भोकातून उन्हाचा कवडसा सरळ कडब्यावर पडत होता.

“येवढा गार व्हता?” त्यांनी बायकोला विचारलं.

“काल सांगितलं की.”

“त्यानं घरातल्या फ्रिजमधी ठिवला आसंल तर?” हे ते म्हणाले, पण म्हणताना त्यांचा स्वतःचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. कुणीतरी मागून म्हणालं, “सोपानराव, भावाच्या पत्र्यावर दगुड मारायचा तर आदी फ्रिजात गार करतंय का कोण?” त्यावर परत हसण्याची लाट आली आणि या वेळी सोपानरावांच्या मिशा हलल्या.

ते उठले, बांधापर्यंत गेले. दत्तू मागं सरला. सोपानरावांनी त्याच्या हातात तो गोटा दिला आणि म्हणाले, “धर. उनाचा उबा हायस कवाधरनं. चल, बांबू रवायचेत.” माफी वगैरे काही नाही. दत्तू रडायला लागला, गोटा गालाला लावून.

लग्न झोकात झालं. कौसाबाई मांडवभर मिरवल्या, हळदीला पहिला हात त्यांचा. ज्याला त्याला सांगत होत्या, “ह्याच हातानं आभाळातला दगुड काडला.” पुढे सरकारी खात्याचे दोन साहेब आले, खरा दगड त्यांनी पाहताक्षणीच ओळखला आणि रीतसर घेऊन गेले. पडल्या पडल्या तापमान कुणी नोंदवलं का, असं त्यांनी विचारलं. असा वेळेवर घेतलेला आकडा फार क्वचित मिळतो म्हणाले. मी बारा डिग्री सांगितलं. कशानं मोजलं विचारलं. मी म्हणालो, तळहातानं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यांची चूक नाही. पिशवीत सळई असताना मी दगडाला मिठ्या मारत बसलो, ही माझी. रिटायर झाल्यापासून ज्या एका गोष्टीनं मला दुपारची झोप लागत नाही, ती हीच.

पण सर्टिफिकेट मी दिलं. कारखान्याच्या फॉर्मच्या चालीवर, टाइप करून. यंत्राचं नाव: उजवा तळहात. धारक: कौसाबाई. जसं सापडलं: तीन वेळा बरोबर. दुरुस्ती: गरज नाही. मुदत: एक वर्ष. सोपानरावांनी ते फ्रेम करून दूध डेअरीच्या तक्त्याशेजारी लावलं. पत्र्याचं भोक त्यांनी बुजवलेलं नाही. त्याच्याखाली बादली ठेवतात आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवतात. दत्तू तर ते भोक आपलंच असल्यासारखा त्याची राखण करतो. आणि आता त्या घरात मोटर तापली, दूध नासलंसं वाटलं, कुणाला कणकण आली की सोपानराव हाक मारतात, “जरा हात लाव गं.”

दर एप्रिलला कौसाबाईंचा फोन येतो, “भाऊ, मुदत सपली.” मी जातो. सोपानराव स्वतः रसवंतीतून बर्फ आणतात, दत्तू पातेली मांडतो, पल्लवी माहेरपणाला येते. तीच सात पातेली, तोच खेळ, मग आमरस. हे काही वर्षं चाललंय.

या वर्षी गंमत झाली. ओढणी बांधली, सोपानरावांनी एकेक दगड ठेवला. सातही झाले आणि कौसाबाई म्हणाल्या, “ह्यात न्हाई.”

सगळ्यांनी सोपानरावांकडं बघितलं. त्यांनी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. पुन्हा घेतलं. बारा डिग्रीचा दगड हातावर आला की त्या मान हलवायच्या. “ह्यो लई गार हाय. त्यो येवढा नव्हता.” अठराचा दिला तर म्हणाल्या, “ह्यो जरा ऊन.” तिसऱ्यांदाही तेच. ओढणी सोडली तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. “हात म्हातारा झाला जणू,” त्या म्हणाल्या. मी समजुतीनं म्हणालो की होतं वहिनी, यंत्रं बहकतात, वयाचा परिणाम. सर्टिफिकेटवर काय लिहावं असा मला प्रश्न पडला होता.

सोपानराव पातेल्यांकडं बघत बसले होते. मग माझ्या सळईकडं बोट करून म्हणाले, “दाजी, हिचा हात बराबर हाय. तुमचं मशीन येकदा बघून घ्या.”

मी हसलो. सगळेच हसले. पस्तीस वर्षं मी लोकांची यंत्रं तपासली, माझं यंत्र बघून घ्या असं मला कुणी म्हटलं नव्हतं. पण दौंडला परत येताना भीमेच्या पुलावर मला आठवलं की या वर्षी निघायच्या घाईत मी सळई बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिलीच नव्हती. घरी आलो, चपला न काढता स्वयंपाकघरात गेलो, फ्रिजमधला बर्फ ठेचला, कालवला, थांबलो, सळई बुडवली. शून्य यायला हवं होतं. पावणेतीन आलं. म्हणजे मी बाराचं म्हणून मांडलेलं पातेलं खरं सव्वानऊचं होतं.

सळईला हात लावण्याआधी मी तो आकडा पहिल्या रकान्यात लिहिला, आणि मग कौसाबाईंना फोन लावला.